हिंगणघाटची कबर आणि विहिरीतला काळा दगड

२० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामावर विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज सर्वेक्षक वारला. हैदराबादेहून नागपूरला निघाला होता, वय सत्तरीच्या घरात होतं आणि अंगात दुखणं होतं. त्याची कबर हिंगणघाटातच आहे. वर्धा जिल्ह्याच्या जमिनीविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी असं मला फार दिवसांपासून वाटतं. हा माणूस वीस वर्षं एकच काम करत होता. तो पृथ्वी मोजत होता.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने शंभर फुटी पोलादी साखळी अंथरली आणि साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजायला घेतली. ती मोजून व्हायला २२ मे उजाडला. उन्हाने पोलाद वाढतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून सावलीत मोजायची आणि दर वेळी तापमान टिपायचं, असा सारा खटाटोप होता. एक बाजू पक्की कळली की पुढे साखळीची फारशी गरज नाही. दोन टोकांवरून तिसऱ्या टेकडीचे कोन घेतले की त्रिकोण पुरा होतो, आणि त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा उभा राहतो. अशी त्रिकोणांची माळ त्याने कन्याकुमारीपासून ७८ अंश रेखांशाच्या आजूबाजूने उत्तरेकडे ओवत आणली. हा रेखांश वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेला लागून जातो. कोन मोजायचं त्याचं यंत्र अर्ध्या टनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना ते आदळलं आणि त्याचं चक्र वाकलं, तेव्हा आठवडेच्या आठवडे तंबूत बसून त्याने स्वतःच ते सरळ केलं.

नकाशा तर त्याला हवाच होता, पण त्याची खरी ओढ दुसरीकडे होती. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर नेमकं किती अंतर, हे त्याला काढायचं होतं. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्यामुळे हे अंतर सगळीकडे सारखं भरत नाही. विषुववृत्ताजवळ ते सुमारे ११०.६ किलोमीटर आहे आणि ध्रुवाजवळ सुमारे १११.७. या एका किलोमीटरच्या फरकासाठी एका माणसाचं आयुष्य खर्ची पडलं, आणि ते वाया गेलं असं मला मुळीच वाटत नाही.

कारण या मोजणीतून जे पुढे निघालं त्याची लॅम्बटनला कल्पनाही नव्हती. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने ही माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर त्रिकोणांवरून एक येत होतं आणि ताऱ्यांवरून दुसरं. फरक होता सव्वापाच विकलांचा, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरच्या आसपास. ताऱ्यांचा कोन ओळंब्याच्या आधाराने घेतात. तेव्हा ओळंब्यालाच हिमालय आपल्याकडे ओढत असणार, असं कलकत्त्याच्या पाद्री प्रॅटने मांडलं आणि गणित केलं. उत्तर भलतंच आलं. एवढा डोंगर असेल तर ओळंबा प्रत्यक्षापेक्षा तिप्पट ओढला जायला हवा होता. १८५५ मध्ये जॉर्ज एअरीने याचा उलगडा सुचवला. पाण्यात ओंडका जेवढा वर दिसतो त्याहून जास्त खाली बुडालेला असतो. तसं हिमालयाचं हलकं मूळ खालच्या जड थरात खोल उतरलेलं आहे, आणि त्या हलकेपणामुळे ओढ कमी पडते. भूकवच खालच्या प्रावरणावर तरंगतं, या कल्पनेचा पाया असा आपल्या देशातल्या मोजणीत आहे. गवंड्याच्या हातातला ओळंबा पृथ्वीच्या पोटातलं सांगू शकतो, ही गोष्ट आठवीच्या वर्गात सांगितली तर पोरं मान वर करतील.

पण पुस्तकात ही गोष्ट नसते. भूशास्त्राचा पहिला धडा आपण व्हेसुव्हियसने, जपानच्या भूकंपाने नाहीतर अमेरिकेतल्या दरीने सुरू करतो, आणि वर्ध्याच्या मुलाला वाटतं की पृथ्वीवर जे काही घडतं ते दुसरीकडे घडतं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ज्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून, भोवतालातून शिकवावं असं ठरलं, त्याच वर्ध्यात जमिनीचा धडा परक्या जमिनीवर शिकवला जावा हे मला टोचतं. या जिल्ह्याच्या विहिरीत, खदानीत आणि वावरात भूशास्त्राचे जवळजवळ सगळे मूळ प्रश्न उघडे पडलेले आहेत. ते कोणते, आज त्यांची काय उत्तरं मिळाली आहेत आणि कुठे अजून भांडण चालू आहे, ते पाहू.

विहीर खणताना बघणं हा सगळ्यात सोपा मार्ग. वर काळी माती, कुठे हातभर, कुठे दोन परस. परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. विहिरीची खोली मोजायचं ते जुनं माप आहे आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून सापडतं. मातीखाली पांढुरका चुनखडीचा थर लागतो, मग मुरूम. मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला खडक. पहारीने उकरता येतो आणि त्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटणारे गोल धोंडे असतात. त्याखाली कधी सच्छिद्र, ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या, कधी घट्ट काळा पाषाण. काळ्या पाषाणाशी पहार हरते, तिथे सुरुंग लावावा लागतो. तो फोडून आणखी खाली गेलं की कधीकधी वीतभर ते हातभर जाडीचा विटकरी लाल मातीचा थर लागतो आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या सुरू होतो. म्हणजे पहिल्यापासून तोच क्रम.

हा क्रम पुन्हा पुन्हा येतो यातच सगळी कथा आहे. काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा. इथे ज्वालामुखीचा उंच डोंगर नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुरासारखा पसरत गेला. प्रत्येक पुरात वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तो मांजऱ्या झाला. मधला भाग सावकाश निवला, तो घट्ट राहिला. मग लाव्हा थांबला. वरचा खडक पावसापाण्याने कुजला, त्याची माती झाली, आणि पुढचा लाव्हा त्या मातीवर येऊन तिला भाजून गेला. विहिरीतला लाल थर म्हणजे दोन पुरांमधली उसंत. कधी ती हजारो वर्षांची असते.

असे पूर एकावर एक येऊन दख्खनचं पठार बनलं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ही घटना, आणि आज शिल्लक आहे तेवढाच हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. मूळ पसारा याहून बराच मोठा असणार. डोंगरांच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, म्हणून पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून या खडकाला ट्रॅप हे नाव पडलं. थर सगळीकडे सारखा जाड नाही. कोयनेला वेधलेल्या एका खोल विवरात १,२४७ मीटर बेसॉल्ट पार केल्यावर तळाचा प्राचीन खडक लागला. किल्लारीला तो ३३८ मीटरांवरच लागला. पूर्वेकडे चादर विरत जाते आणि नागपूर शहरात तिची कडाच येते. सीताबर्डीची टेकडी ट्रॅपची आहे, पण शहराच्या पूर्वेला खडक बदलतो. वर्धा जिल्हा बहुतांशी या चादरीवर, पण तिच्या काठाजवळ बसलेला आहे. म्हणून इथून थोडं फिरलं तरी लाव्ह्याच्या आधीचा काळही पाहता येतो.

आधी मांजऱ्याचं पाहू, म्हणजे गिरडचं. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. टेकडीवर नारळासारखे, जायफळासारखे, सुपारीसारखे दगडाचे गोटे सापडतात. व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला, ही तिथली कथा इंग्रजांच्या गॅझेटिअरातही नोंदली आहे. भूशास्त्र त्या गोट्यांची दुसरी कथा सांगतं आणि माझ्या मनात दोन्हींना जागा आहे. लाव्ह्यातले बुडबुडे रिकामे राहिले नाहीत. त्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि पोकळीच्या भिंतीवर थर चढत गेले. कधी गारगोटीचे, कधी कॅल्साइटचे, कधी झिओलाइटचे. वर्षानुवर्षांच्या पावसाने भोवतालचा खडक कुजून वाहून गेला आणि आतला गोटा तेवढा राहिला. झिओलाइट हे नाव क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ मध्ये दिलं, कारण तापवल्यावर हा दगड उकळल्यासारखा फेसाळतो. त्याच्या जाळीदार बांधणीत पाणी अडकलेलं असतं. महाराष्ट्रातली झिओलाइटं जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली आहेत आणि आपल्याकडे ती गिट्टीच्या ढिगात जातात.

हातातला दगड कोणता हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नखाची कठीणता सुमारे अडीच, चाकूच्या पात्याची साडेपाच, गारगोटीची सात. ज्या दगडाने काचेवर ओरखडा उठतो तो गारगोटीच्या जातीचा. ज्यावर पातळ आम्लाचा थेंब पडताच फसफस होते तो कॅल्साइट किंवा चुनखडी. काळ्या दगडाची घनता काढायला तराजू आणि बादली पुरते. समजा हवेत दगड ८७० ग्रॅम भरला आणि दोरीने पाण्यात लोंबकळत ठेवल्यावर ५७०, तर हरवलेल्या ३०० ग्रॅमनी ८७० ला भागा. उत्तर २.९. खंडांचा मुख्य खडक ग्रॅनाइट, त्याची घनता २.७ च्या जवळपास. हा फरक डोळ्यांना किरकोळ दिसतो, पण महासागराचा तळ बेसॉल्टचा आणि म्हणून जड, खंड ग्रॅनाइटचे आणि म्हणून हलके. समुद्र खोलगट का आणि जमीन वर का, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत येतं.

लाव्ह्याच्या दोन पुरांमध्ये उसंत होती हे लाल थरावरून कळतं. त्या उसंतीत इथे काय होतं, तेही कळलेलं आहे. दोन थरांमध्ये तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि गाळात झाडंझुडपं गाडली गेली. जिल्ह्यातल्या नवरगावजवळ अशा थरांत दगड झालेली लाकडं मिळाली आहेत. ताडकुळातली झाडंही त्यांत आहेत. पेशी न् पेशी सिलिकाने भरलेली, इतकी की चकती कापून भिंगाखाली धरली तर झाडाचं कूळ सांगता येतं. नागपूरजवळच्या टाकळीचे असेच थर स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने अभ्यासले. १८५५ मध्ये त्याचा आणि त्याचा सहकारी हंटर याचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनला छापून आला. पुढे १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळच्या पुरात हिस्लॉप बुडाला. नागपूर ते हिंगणघाट या एकाच वाटेवर चाळीस वर्षांच्या अंतराने जमिनीच्या अभ्यासातली दोन माणसं गेली, हे त्या रस्त्याने जाताना मला दर वेळी आठवतं.

हिंगणघाटहून दक्षिणेला वरोऱ्याकडे गेलं की चादरीखालचा थर उघडा पडतो. पिसदुरा हे तिथलं छोटं गाव, पण जगातल्या जीवाश्म अभ्यासकांना ते नावाने ठाऊक आहे. इथल्या लॅमेटा थरांत लांब मानेच्या डायनासोरांची हाडं मिळाली, आणि त्यांच्या विष्ठेचे दगडही. २००५ मध्ये लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेतल्या आणि परदेशातल्या अभ्यासकांनी त्या विष्ठेत गवताच्या पात्यातले सूक्ष्म सिलिकाकण दाखवून दिले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, असा तोवर समज होता. त्यात भाताच्या कुळाशी नातं सांगणारे कणही निघाले. एवढी मोठी गोष्ट सिद्ध झाली ती विदर्भातल्या शेणाच्या दगडावर. वर्ध्यातल्या कोणत्याही शाळेची सहल तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परतू शकते.

त्याहून खाली गोंडवाना खडक आहेत, वाळूचे, मातीचे आणि कोळशाचे. वरोऱ्याच्या कोळशासाठीच एकोणिसाव्या शतकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे रेल्वे टाकली गेली. वर्धा नदीच्या खोऱ्यातला हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या दलदलीतल्या झाडांचा आहे. पश्चिमेकडे तो ट्रॅपच्या चादरीखाली शिरतो. त्या दलदलीचं ओळखीचं पान म्हणजे ग्लॉसोप्टेरिस, जिभेच्या आकाराचं. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातही ते मिळतं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने मरणाच्या दारातही जे दगड टाकले नाहीत, त्यांतही हे पान होतं.

कोळशाच्याही खाली एक नवल आहे. चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी इरई गावापाशी फेडन या सर्वेक्षकाला १८७० च्या दशकात चुनखडकाचा एक पृष्ठभाग सापडला. घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर समांतर ओरखडे. वर दगडगोट्यांचा मिसळ थर. असे ओरखडे एकच गोष्ट उमटवते, ती म्हणजे दगडधोंडे पोटात घेऊन सरकणारी हिमनदी. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या या मुलखात एके काळी बर्फ सरकत होतं. मग त्या काळी सगळी पृथ्वीच गोठली होती की हा मुलूख दुसरीकडे होता?

भूशास्त्रातला हा निर्णायक प्रश्न. १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनरने दुसरं उत्तर दिलं. हे सगळे खंड एकत्र होते, दक्षिण ध्रुवाजवळ होते, मग फुटून सरकले. एकत्र असलेल्या दक्षिणेच्या भूमीला गोंडवन असं नाव पडलं, ते आपल्या गोंड मुलखावरून. पुराव्याची पानं आणि ओरखडे होते, पण खंड सरकतात कसे ते वेगेनरला नीट सांगता येईना, आणि बहुतेकांनी त्याला मोडीत काढलं.

पुढचा पुरावा पुन्हा दख्खनच्या काळ्या दगडाने दिला. लाव्हा निवताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेला धरून गोठतात. चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तसतशी कलते. तेव्हा दगडातला कल मोजला की तो कोणत्या अक्षांशावर निवला ते निघतं. १९५० च्या दशकाच्या मध्यात भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेटच्या लंडनच्या गटाने दख्खनचे नमुने मोजले. ते विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला निवले होते. आज वर्धा पावणेएकवीस अंश उत्तरेला आहे. खंड सरकतात याचा हा मोठा पुरावा होता. पुढच्या दशकात महासागरांच्या तळांच्या मोजण्या आल्या आणि भूपट्ट विवर्तनाचा सिद्धांत उभा राहिला. भूकवच आणि त्याखालचा ताठर थर मिळून पट्ट बनतात. मध्यसागरी रांगांवर नवा तळ तयार होतो, काठावर जुना तळ खाली जातो किंवा खंडाला खंड भिडतो.

भारताची वाट आता बरीच स्पष्ट आहे. आधी मादागास्करपासून फारकत, मग आज जिथे रियुनियन बेट आहे त्या तप्तबिंदूवरून प्रवास आणि त्याच सुमारास लाव्ह्याचे पूर, मग सेशेल्सपासून फारकत, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाशी धडक. मधल्या काळात हा पट्ट वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहूनही जोरात धावला. खंडांच्या हिशेबात हा वेग अचाट आहे. आज तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. लॅम्बटनला जाऊन दोनशे वर्षं उलटली. त्याची कबर, हिंगणघाटच्या बाजारासकट, तेव्हापासून सुमारे दहा मीटर ईशान्येकडे आली आहे. उन्हाने वाढणाऱ्या साखळीचाही हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाला आपण मोजतो ती जमीनच चालते आहे हे कळतं, तर त्याने तेही मोजायला घेतलं असतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वाद संपलेले नाहीत. सगळ्यात गाजणारा वाद डायनासोरांचा. १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्रांनी उल्केच्या आघाताचा सिद्धांत मांडला, १९९१ मध्ये मेक्सिकोतलं चिक्षुलूब विवर त्या आघाताचं म्हणून ओळखलं गेलं, आणि गुन्हेगार सापडला असं जगाने मानलं. पण त्याच सुमारास दख्खनमधून गंधक आणि कार्बनचे वायू प्रचंड प्रमाणात हवेत जात होते. २०१९ मध्ये एकाच अंकात दोन गटांची मोजणी छापून आली. एकाने लाल थरांतल्या झिर्कॉन स्फटिकांचं वय काढलं, दुसऱ्याने लाव्ह्याचंच. बहुतेक लाव्हा दहा लाखांहून कमी वर्षांत बाहेर पडला यावर दोघांचं जमलं. पण मोठे लोंढे आघाताच्या आधी आले की नंतर, यावर जमलं नाही. मला हा मतभेद फार मोलाचा वाटतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि भांडण काही दहा हजार वर्षांच्या फरकावर. मोजमाप एवढं बारीक झालं आहे आणि तरीही ते पुरत नाही.

भूकंपाबद्दल थोडक्यात. वर्धा पट्टाच्या काठापासून दूर आहे, आणि पठाराचा जुना खडक स्थिर असतो असं आमच्या पिढीला शिकवलं गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने ते खोटं ठरवलं. २२ मे १९९७ ला जबलपूर हादरलं, तो झटका नर्मदेच्या जुन्या भेगेवरचा होता. काठावरचा दाब पट्टाच्या आतपर्यंत पोचतो आणि जुनी भेग जिथे कमजोर असते तिथे मोकळा होतो, एवढं समजलं आहे. कोणती भेग, कधी, हे आधी सांगता येत नाही, आणि जो सांगतो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बातमीत ‘६.२ रिश्टर’ असं छापतात तेही सोडायला हवं. रिश्टर हे किलो किंवा मीटरसारखं एकक नाही. ती महत्तेची श्रेणी आहे, आणि महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. पाचचा धक्का आणि सातचा धक्का यांत हजार पटींचं अंतर असतं.

जिल्ह्याचं पोट मात्र ज्यावर भरतं ती लाव्ह्याची शेवटची अवस्था आहे, माती. जुन्या जमाबंदीत या भागात मातीची प्रतवारी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी होती आणि शेतकरी अजून त्याच भाषेत बोलतो. ही प्रतवारी म्हणजे एका टेकडीचा उभा छेद आहे. माथ्यावर बरडी, खड्यांची आणि उथळ. उतारावर खरडी. पायथ्याशी मोरंड, चुनखडीचे खडे मिसळलेली. नाल्याच्या बाजूला भारी काळी. खडक वर कुजतो, बारीक कण पाण्याबरोबर खाली येतात, म्हणून खालचं वावर नेहमी खोल. काळ्या मातीतले चिकणकण थराथरांचे असतात आणि थरांमध्ये पाणी शिरलं की फुगतात. पाणी गेलं की आकसतात. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती भेगांत ढासळते, पावसात फुगून पुन्हा वर येते. जमीन स्वतःच स्वतःला उलथते. पऱ्हाटीचं मूळ खोल जाऊन याच मातीने धरलेली ओल ओढतं आणि पाऊस सरल्यावरही झाड बोंडं देतं. हिंगणघाटच्या कापसाचं नाव झालं त्याच्या मुळाशी हे फुगणारं चिकणखनिज आहे. याच खनिजामुळे भिंतींना तडे जातात, हेही खरं. उथळ पायाचं घर काळ्या मातीत बांधणं म्हणजे दर वर्षी तडा भरणं.

पाण्याचा प्रश्न याच विहिरीत परत येतो. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी राहत नाही. ते राहतं मुरुमात, मांजऱ्याच्या जोडल्या गेलेल्या पोकळ्यांत आणि सांध्यांमध्ये. लाल थर बहुधा पाणी अडवतो. म्हणून एका धुऱ्यावरच्या विहिरीला पाणी आणि शेजारच्या दोनशे फूट बोअरला धूळ, हे नशीब नाही, थरांची रचना आहे. साठाही थोडाच. या खडकाच्या एकूण आकारमानातून दोन-तीन टक्के पाणी सुटलं तरी भरपूर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हे काम करते आणि निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. हे आकडे गावाच्या फळ्यावर लागायला हवेत असं माझं ठाम मत आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. हजार मिलिमीटर पावसाच्या वर्षी एका एकरावर चाळीस लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं किती मुरलं हे ऑक्टोबरच्या आणि मेच्या पातळीतल्या फरकावरून कळतं. शाळेतलं पोर दोरीला खडा बांधून ते मोजू शकतं.

मोजायचंच तर आणखी एक मोजणी लॅम्बटनच्या गावातून करण्यासारखी आहे. मे महिन्यात सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकतो. २३ मेच्या सुमारास तो भरदुपारी हिंगणघाटच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. २४ मेच्या सुमारास हेच वर्ध्यात होतं, घड्याळात बारा वाजून बारा मिनिटांच्या आसपास, आणि आणखी एक-दोन दिवसांनी आर्वीत. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य याच वाटेने परततो, पण तेव्हा ढग असतात. वर्ध्यात सावली शून्य असते त्या दुपारी कन्याकुमारीला, जिथून लॅम्बटनची माळ निघाली, मीटरभर काठीची सावली दक्षिणेकडे सुमारे बावीस सेंटिमीटर पडते. त्यावरून कोन निघतो सुमारे पावणेतेरा अंशांचा. दोन्ही ठिकाणांमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर. ३६० ला कोनाने भागायचं, चौदाशेने गुणायचं, की पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरच्या अगदी जवळ येतो. त्यासाठी दोन काठ्या, एक ओळंबा आणि कन्याकुमारीच्या एखाद्या शाळेचा फोन नंबर लागतो.